चार स्टडची जीप

लेगोच्या मोठ्या सेट्सबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांना पुढे सोपं जाईल.

२०१९ साली लेगोने टेक्निक मालिकेत लँड रोव्हर डिफेंडर काढली, २५७३ तुकड्यांची. २०२३ मध्ये जुन्या धाटणीची डिफेंडर ९० काढली, ती २३३६ तुकड्यांची. दोन्ही देखण्या आहेत, शंकाच नाही. टेक्निकवाल्या गाडीत तर चार गिअरांचा चालणारा गिअरबॉक्स आहे आणि तो उघडून बघताना गिअरबॉक्स म्हणजे काय हे कॉलेजच्या एका सेमिस्टरपेक्षा चांगलं कळतं. पण ती गाडी "बनवणारा" माणूस, म्हणजे तुम्ही-आम्ही, नक्की काय करतो? पुस्तिकेचं पान उलटायचं, चार तुकडे शोधायचे, बाण दाखवेल तिथे दाबायचे, पुढचं पान. दोन-तीन वीकेंड हा कार्यक्रम चालतो, फोटो निघतात, गाडी शेल्फवर जाते आणि तिच्यावर धूळ बसायला लागते. एवढ्या सगळ्यात एकही निर्णय आपला नसतो. व्हीलबेस किती, बॉनेट किती उंच, काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे सगळं डेन्मार्कमधल्या बिलुंडला कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

माझं म्हणणं असं, की एकदा तरी एखादी ऑफ-रोड गाडी स्वतः आखून बनवा. आणि ती लहान बनवा. लहान म्हणजे तळहातावर मावेल एवढी, रुंदी फक्त चार स्टड. (स्टड म्हणजे विटेच्या डोक्यावरचं ते गोल बटण.) "लहान म्हणजे सोपं असणार" हा पहिला गैरसमज. अडीच हजार तुकडे हाताशी असले की दाराचं हँडलसुद्धा दाखवता येतं. साठ-ऐंशी तुकडे असले की जो तुकडा आत येतो तो दुसऱ्या कशाला तरी बाहेर ढकलतो. मोठ्या मॉडेलमध्ये "काय काय दाखवू?" एवढाच प्रश्न असतो. लहान मॉडेलमध्ये "काय गाळलं तरी ही जीपच राहील?" असा प्रश्न पडतो आणि तो फार अवघड आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही :-)

शेजारशेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिमी. विटेची उंची स्टड सोडून ९.६ मिमी. चपटी प्लेट म्हणजे विटेचा बरोब्बर तिसरा हिस्सा, ३.२ मिमी. गंमत अशी की पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिमी होतात, म्हणजे नेमके दोन स्टड. त्यामुळे विटा आडव्या पाडूनही बांधता येतं आणि सगळं जुळतं. १९९५ साली जेम्स जेसिमन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने कॉम्प्युटरवर लेगो मॉडेल करण्यासाठी एलड्रॉ ही पद्धत काढली, तेव्हा त्याने एककच ०.४ मिमीचं धरलं. मग स्टड म्हणजे २० एककं, वीट २४ आणि प्लेट ८. सगळे इंटिजर, फ्लोटची कटकट नाही. आपल्या जमातीला यातला आनंद वेगळा सांगायला नको. आज ब्रिकलिंकच्या स्टुडिओत (ब्रिकलिंक २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतलं) फुकटात अख्खी गाडी आखता येते, एकही वीट विकत न घेता.

पण खरी गाडी इंटिजरमध्ये बनलेली नसते. तिचं प्रत्येक माप या जाळीवर आणताना कुठेतरी राउंड करावं लागतं. माझ्या मते या खेळातलं सगळं डिझाईन या राउंडिंगमध्ये आहे.

उदाहरण म्हणून जीपच घेऊ. मापं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीची: लांबी १३१ इंच, रुंदी ६२ इंच, व्हीलबेस ८० इंच. म्हणजे ३३२७, १५७५ आणि २०३२ मिमी. हा ८० इंची व्हीलबेस पुढे सीजे-२ए आणि सीजे-३बी या बिनलष्करी जीपमध्येही तसाच राहिला. आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं जी उंच बॉनेटची जीप बनवली ती हीच सीजे-३बी. टायर ६ इंच रुंद आणि रिम १६ इंची, म्हणजे ढोबळमानाने टायरचा व्यास २८ इंच, ७११ मिमी.

रुंदी चार स्टड म्हणजे ३२ मिमी धरली तर स्केल येतं साधारण १:४९. त्याने भागलं की व्हीलबेस ४१.३ मिमी, म्हणजे ५.१६ स्टड. लांबी ६७.६ मिमी, म्हणजे ८.४५ स्टड. टायर १४.५ मिमी. लेगोत १५ मिमी व्यासाचा आणि ६ मिमी रुंदीचा एक छोटा टायर मिळतो. नशीब चांगलं आहे, टायर जवळजवळ फुकटात जुळला. तो रुंदीला मात्र खऱ्यापेक्षा दुप्पट जाड आहे. ऑफ-रोड गाडीला जाड टायर शोभतात, त्यामुळे ही चूक आपल्या फायद्याची. कुठल्याही हायवेवर दहा थार मोजा, त्यातल्या किती जणांनी मूळ टायर काढून जाडे बसवलेत ते बघा, म्हणजे पटेल.

व्हीलबेस ५.१६ होता तो पाच करायचा की सहा? पाच जवळ आहे, पण इथे थांबून एक गुणोत्तर बघण्यासारखं आहे: व्हीलबेस भागिले टायरचा व्यास. खऱ्या जीपचं ते २.८६ येतं. तुलनेला आपली मारुती ८०० घ्या. व्हीलबेस २१७५ मिमी, टायर १४५/७० आर १२, म्हणजे व्यास साधारण ५०८ मिमी. गुणोत्तर ४.२८. दोन्ही गाड्यांच्या व्हीलबेसमध्ये फरक फक्त १४ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरसुद्धा नाही! तरी एक गाडी जीप दिसते आणि दुसरी ऑफिसला जाणारी सभ्य मोटार दिसते, याचं मोठं कारण या गुणोत्तरात आहे. लांबून, अर्धवट उजेडात, रंग कळत नसतानासुद्धा आपण जीप ओळखतो ती चाकं आणि अंतर यांच्या नात्यावरून.

आता मॉडेलकडे या. व्हीलबेस सहा स्टड ठेवला तर गुणोत्तर ३.२, गाडी ताणलेली दिसते. पाच ठेवला तर २.६७. अर्धा स्टड सरकवणारी जंपर प्लेट लावून साडेपाचही करता येतं आणि मग गुणोत्तर येतं २.९३, खऱ्या आकड्याच्या सगळ्यात जवळ. तरीही मी पाचच ठेवीन. साडेपाचची चूक लहान आहे, पण ती जीपला मारुतीच्या दिशेने अर्धं पाऊल नेते. पाचची चूक मोठी आहे, पण ती जीपला आणखी जीप करते. लांबीचंही तसंच. ८.४५ चे आठ करायचे, नऊ नाही. पुढचा-मागचा लोंबता भाग कमी झाला की चढावर तोंड घासणार नाही अशी गाडी दिसते, आणि खरी ऑफ-रोड गाडी आखणारे लोकही नेमकं हेच जपत असतात.

मला या सगळ्यात जे सांगायचंय ते इथे आहे. या मापात चूक शून्य करता येत नाही. कितीही डोकं लावा, जाळी ८ मिमीचीच राहणार. आपल्या हातात एवढंच असतं की ती चूक कुठे ठेवायची आणि कुठल्या बाजूला झुकवायची. आणि ते ठरवायचं तर त्या गाडीचा गाभा काय हे आधी ठरवावं लागतं. आकड्यांना ते ठरवता येत नाही.

आकडे किती अपुरे पडतात याचा एक मासला. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरायचे. त्यातून त्यांना तशीच गाडी करायची कल्पना सुचली, पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला गेला आणि १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या मोटार शोमध्ये लँड रोव्हर लोकांसमोर आली. तिचा व्हीलबेस? ८० इंच. म्हणजे चार स्टडच्या मापात दोन्ही गाड्यांचे आकडे जवळपास सारखे येणार. मग वेगळ्या दिसणार कशा? जीपमध्ये मधलं बॉनेट वर आणि दोन्ही बाजूंचे मडगार्ड खाली, पत्र्याच्या पट्ट्यांसारखे. मधले दोन स्टड उंच, कडेचा एकेक स्टड ठेंगणा. लँड रोव्हरमध्ये पुढचा भाग पूर्ण रुंदीचा ठोकळा, आणि मधे जाळी आत ढकललेली, सुरुवातीच्या गाड्यांत तर दिवेही त्या जाळीच्या मागे. मधले दोन स्टड मागे, कडेचे पुढे. सहा-सात तुकड्यांचा फरक आणि गाडीचा देश बदलला.

गाभा ठरवण्याचं हे काम फक्त खेळण्यातलं आहे असं समजू नका. त्यावरून कोर्टबाजी झालेली आहे, आणि त्यात आपलीच कंपनी होती. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग अमेरिकेतून पेट्यांमध्ये यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. थोडक्यात, पुस्तिका बघून जोडायचा सेट :-) पुढे २०१८ मध्ये नेमकं उलटं झालं. महिंद्राने अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची छोटी ऑफ-रोड गाडी आणली, तिचे सुटे भाग भारतातून जायचे आणि तिथे गाडी जोडली जायची. त्याच वर्षी जीपची तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की ही आमच्या जीपच्या रूपाची नक्कल आहे.

आता "जीपचं रूप" म्हणजे काय हे कायद्याच्या भाषेत सांगायचं तर यादी लागते. त्यांनी सहा गोष्टी दिल्या. सपाट उभ्या बाजूंची, मागे बॉनेटच्याच उंचीला संपणारी खोक्यासारखी बॉडी. पुढे निमुळतं होत जाणारं सपाट बॉनेट. समलंब चौकोनी चाककमानी आणि जाळीच्याही पुढे आलेले मडगार्ड. उभ्या फटींची सपाट जाळी आणि तिच्यातच वरच्या बाजूला गोल दिवे. बॉनेटच्या बाहेर दिसणाऱ्या कड्या. आणि दाराच्या जागी बॉडीतच कापलेला भाग. जून २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली. मग महिंद्राने पुढच्या भागाची ठेवण बदलली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवं रूप नक्कल ठरत नाही असा निर्वाळा मिळाला.

कोण बरोबर, कोण चूक, या वादात मला पडायचं नाही. ज्या कंपनीने सत्तर वर्षं परवान्याने ती गाडी बनवली तिचीही बाजू आहेच. माझ्या कामाची आहे ती यादी. वकिलांनी भांडण्यासाठी बनवलेली, पण चार स्टडची जीप करणाऱ्याला याहून चांगला स्पेक मिळणार नाही. इंजिन, सीट, स्टिअरिंग, आरसे, यातलं काहीही त्यात नाही. गाडी ओळखू यायला ते लागतच नाही!

पण सहाच्या सहा गोष्टीही आपल्याला परवडत नाहीत. जाळीचंच बघा. जीपच्या सात उभ्या फटी म्हणजे तिची सही. आपल्या मॉडेलमध्ये जाळीला मिळणार दोन स्टड, १६ मिमी. दिव्यांना काय लावायचं? पहिला मोह होतो तो एक स्टडची गोल प्लेट लावायचा. तिचा व्यास ८ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीवर ३९ सेंटिमीटरचा दिवा, परातीएवढा. खरा दिवा ७ इंची, या स्केलला ३.६ मिमी. आणि उघड्या स्टडचा व्यास ४.८ मिमी. म्हणजे काहीही न लावता, आडव्या बसवलेल्या विटेचे दोन स्टड समोर उघडे ठेवले की तेच दिवे. तुकडा वाचला आणि मापही जास्त जुळलं. त्या दोन स्टडच्या मध्ये उरतात ३.२ मिमी. तेवढ्यात सात फटी बसवणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. तेव्हा फटी गेल्या. दिवे जाळीच्या आत आणि मडगार्ड जाळीच्या पुढे, हे नातं टिकलं की बघणाऱ्याचा डोळा फटी आपल्या मनानेच भरतो. स्टिकर लावून फटी दाखवता येतील, पण मग अख्खी गाडीच कागदावर का छापू नये?

बॉनेटचंही असंच. एक प्लेट म्हणजे या स्केलला १५-१६ सेंटिमीटर. तेवढं बॉनेट उचललं की युद्धातली जीप जाऊन आपली सीजे-३बी समोर उभी राहते, जिचं बॉनेट हरिकेन इंजिन उंच असल्यामुळे वर न्यावं लागलं होतं. एका प्लेटमध्ये दहा-बारा वर्षांचा इतिहास. बॉनेट निमुळतं करणं मात्र दोन स्टडमध्ये जमत नाही, ते सोडून द्यायचं. पुढची काच गाळली तरी चालते, पण तिची उभी चौकट गाळून चालत नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच यादीत नाही: गाडीच्या खालची हवा. एमबीचा ग्राउंड क्लिअरन्स पावणेनऊ इंच, आपल्या मापात ४.५ मिमी, म्हणजे जवळपास दीड प्लेट. मॉडेल मजबूत व्हावं म्हणून खाली आणखी एक प्लेट लावायचा मोह होतो. लावली की गाडी बसली, आणि बसली की ती ऑफ-रोड राहिली नाही. ती दीड प्लेटची पोकळी आणि चाकांभोवतीची मोकळी जागा हाही डिझाईनचा भाग आहे, भले तिथे एकही तुकडा नसो.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, विटांची गाडी आहे, एवढं काय मनावर घेतोस? सांगतो. आपण बहुतेक जण दिवसभर दुसऱ्याने ठरवलेलं जोडत असतो. स्पेक येतो, तिकीट येतं, आपण तुकडा शोधून दाखवलेल्या जागी दाबतो. त्यात कमीपणा काही नाही, त्यावरच घर चालतं, आणि महिंद्राची सुरुवातही तशीच झाली होती. पण २००२ मध्ये त्यांनी स्वतः आखलेली स्कॉर्पिओ आणली, तेव्हा कुठे ते जोडणारे न राहता ठरवणारे झाले. मधली पंचावन्न वर्षं नुसती पानं उलटून गेली असती तर स्कॉर्पिओ झाली नसती. ठरवण्याचं कसब जोडून जोडून आपोआप येत नाही. त्याचा वेगळा रियाज लागतो, आणि ऑफिसात तो करायला मिळेलच असं नाही. तिथे चुकलेलं राउंडिंग प्रॉडक्शनला जातं. टेबलावर ते उचकटून परत लावता येतं.

शिवाय गाळायची सवय आपल्याला अजिबात नाही. प्रेझेंटेशनमध्ये स्लाईड वाढवायच्या, रिझ्युमेमध्ये ओळी वाढवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये फीचर वाढवायची. वाढवण्याला कोणी जाब विचारत नाही. गाळलं की उत्तर द्यावं लागतं, म्हणून कोणी गाळत नाही. चार स्टडची जीप ते उत्तर द्यायला भाग पाडते.

तेव्हा हा वीकेंड मोकळा असेल तर एक करा. आवडती ऑफ-रोड गाडी निवडा. जिप्सी चालेल, थार चालेल, डिफेंडर चालेल. चार मापं लिहून काढा: लांबी, रुंदी, व्हीलबेस, टायर. चार स्टडमध्ये बसवा. मग कागदावर तीनच गोष्टी लिहा, ज्या गेल्या तर ती गाडी ती राहणार नाही. तीनच, चौथी नाही. बाकी सगळं त्या तिघींच्या सोयीने राउंड करा. झाली की नाव न सांगता घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या. "जीप आहे का?" असं विचारू नका, नुसतं "काय आहे?" विचारा.

उत्तर चटकन आलं तर शेल्फवरच्या डिफेंडरची धूळ पुसायला हरकत नाही. नाही आलं तर आणखी एक तुकडा लावायला धावू नका. आधी एखादा काढून बघा.